लाल की नारिंगी

मिस्त्री म्हणाले, आधी प्लग काढ.
काढला.
आता पाच मिनिटं हात लावायचा नाही,
कपॅसिटरच्या पोटात अजून
काल रात्रीचं लग्न असतं.

उदगीरला मोंढ्याच्या मागं आमचं दुकान.
शेजारची डाळमिल दिवसभर घुमते,
तुरीचा भुसा येऊन बसतो
उघड्या बोर्डांवर, चहावर, मिस्त्रींच्या भुवयांवर.
मी संघमित्रा. आयटीआय, इलेक्ट्रॉनिक्स.
मिस्त्री मला नुसतं मित्रा म्हणतात,
चुकले की पूर्ण नावानं.

आठ स्क्रू. झाकण निघालं.
धूळ, एक वाळलेलं झुरळ,
आणि पिवळ्या अक्षतांचे चार दाणे.
ॲम्प्लिफायरच्या आत अक्षता कशा जातात
हे मी विचारणं सोडून दिलंय.

इनपुटपाशी आठ पायांचं सॉकेट,
त्यात क्रॉसओव्हरचं कार्ड.
बाराशेवर वाटणी करायची:
खालचं सगळं पंधरा इंचीला, वरचं हॉर्नला.
"हल्लू बसव, पाय वाकवू नक्को.
आन् वाटणी म्हणजे भिंत नव्हं, मित्रा.
उतार असतो, चोवीस डीबीचा.
ह्याचं थोडं तिकडं सांडतं, त्याचं थोडं इकडं.
शिवंवर दोघांचा मिळून
येकच आवाज आला पायजे."

तेरा हजार ओहमचे चार रेझिस्टर
मीटरवर मोजून मी रुमालावर ठेवले.
तपकिरी, नारिंगी, काळा, लाल.
मग जुनं कार्ड उपसलं
आणि सहज भिंगाखाली धरलं.

तपकिरी, नारिंगी, काळा, नारिंगी.

परत पाहिलं. खिडकीशी नेऊन पाहिलं.
चारही तसेच.
एक लाख तीस हजार.
बाराशेच्या जागी एकशेवीस.

म्हणजे गेल्या जयंतीला
ढोलाचं सगळं ओझं
नखाएवढ्या जाड पडद्यावर पडत होतं.
मिरवणूक ऐन चौकात,
माईकवर एक म्हातारी शाहीर,
तिचे ओठ हलताना दिसले फक्त.
शब्द गेले, धडधड राहिली.
लोक ट्रककडं बघत होते,
ट्रकवरचा लिंबाजी मशीनकडं.

"व्हॉल्यूम चढवलास," मिस्त्री म्हणाले होते, चारचौघांत.
हॉर्नचे पैसे त्याच्या पगारातून.
तिसऱ्या महिन्यात तो हैदराबादला गेला,
कुठल्याशा अपार्टमेंटच्या गेटवर.
जाताना त्याचा टेस्टर माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेला,
अजून तिथंच आहे.

"काय बघायलीस येवढं?"
काही नाही म्हणणार होते.
मिस्त्रींच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
ऑपरेशनची तारीख ते दर वर्षी पुढं ढकलतात,
सीझन संपू दे म्हणतात.
त्या कार्डावरचं सोल्डर त्यांचंच,
असे गोल, चकचकीत थेंब
जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचे पडत नाहीत.

"चौथी पट्टी," मी म्हणाले.
"कंची हाय? लाल का?"
"नारिंगी."

डाळमिल घुमत राहिली.
मिस्त्रींनी कार्ड घेतलं, अंगठा फिरवला,
जसं काही रंग हाताला लागतो.

मग काही बोलले नाहीत.
मी नवं कार्ड बसवलं, खटका ऐकू येईपर्यंत दाबलं,
झाकण लावलं, स्क्रू सातच सापडले.
आवाज खालून वर नेला, सावकाश.
मिस्त्रींचा तळवा पंधरा इंचीच्या जाळीवर,
माझा कान हॉर्नकडं.
सहा हजारांपुढचं त्यांना ऐकू येत नाही,
तिथं ते माझ्या तोंडाकडं बघतात.
"यायलंय?"
"यायलंय."
"शिवंवर?"
"खड्डा नाही. येकच."

त्यांनी मेन स्विच बंद केला.
"फोन घे तुझा," म्हणाले,
आणि डायरी न उघडता,
डोळे मिटून,
ज्यांना कालचा हिशेब आठवत नाही त्यांनी
लिंबाजीचा नंबर सांगायला सुरुवात केली.
सहावा आकडा चुकला.
थांबले.
परत पहिल्यापासून.